जिथं आपली फुलं जातात

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी काकडांच्या शेडमध्ये सकाळी सहालाच सुया चालू झाल्या. झेंडूच्या ढिगाभोवती नेहमीचीच माणसं होती आणि जो तो आपापल्या ठरलेल्या जागी बसला होता. फक्त ढिगाच्या वरच्या अंगाला, खांबाला पाठ लावून सरुबाई बसायच्या ती जागा मोकळी होती. तिथं बसू नका असं कोणी कोणाला सांगितलं नव्हतं. सरुबाईंची नात साई हिनं घाईघाईत तिथं फुलांचं कॅरेट टेकवलं, तेव्हा सरुबाईंच्या नणंदेनं, अक्काबाईंनी, ते उचलून बाजूला केलं आणि परत सुईत दोरा ओवायला घेतला.

सरुबाईंना जाऊन पाच महिने झाले होते. वर्ष सरेपर्यंत घराच्या दाराला तोरण लागणार नव्हतं. पण सातपूर-अंबडच्या बारा कारखान्यांना सहाशे चाळीस माळा द्यायच्या होत्या, त्याही आजच.

"यंत्रांना सुतक नसतं," सरुबाईंचा मुलगा राजू म्हणाला होता, आणि ते खरंच होतं.

राजूची बहीण छाया वाचनालयात रजा टाकून इंदिरानगरहून पहिल्या रिक्षेनं मखमलाबादला आली होती. लग्नाला बावीस वर्षं झाली, तरी या दिवसाची तिची रजा कधी चुकली नव्हती. लहानपणी हात दुखले की ती फुलं मोजत बसायची. आई ओरडायची, "फुलं नको मोजू, माळा मोज. माळा कामाच्या."

माळा कशा कामाच्या ते छायाला पुढं पुष्कळ वर्षांनी कळलं.

सोळा वर्षांपूर्वी बाजारात मंदी होती. एकेक कारखाना माळा कमी करत होता. पण गोदा बेअरिंगनं पन्नासाच्या ऐंशी मागवल्या. सरुबाईंनी स्टोअरच्या माणसाला सहज विचारलं, "एवढ्या कशाला हो?" तो म्हणाला, "नवी यंत्रं आलीत, मावशी." घरी येऊन पाय धुता धुता त्यांनी छायाला विचारलं, "ह्या कंपनीत आपल्याला शिरता येतं का गं?" छायाला वाटलं, आई कोणाच्या तरी नोकरीचं विचारते आहे. पंधरा दिवसांनी मायलेकी कॉलेज रोडवरच्या ब्रोकरच्या ऑफिसात जाऊन बसल्या, आणि निशिगंधाच्या पैशातून गोदा बेअरिंगचे पहिले दहा शेअर आले.

तेव्हापासून दर खंडेनवमीला माळांचा आकडा आणि दर रविवारी दुपारी छायाचं वाचन. कंपन्यांची पत्रं छायाच्या ईमेलवर यायची. ती इंग्रजी वाचून मराठीत सांगायची. सरुबाई कोथिंबीर निवडत ऐकायच्या आणि मध्येच म्हणायच्या, "थांब. हे परत वाच." माळा वाढल्या की घ्यायचं, घटल्या की निघायचं. सोळा वर्षांत बाईंनी अडतीस लाखांचे शेअर उभे केले होते, आणि मार्केट यार्डात कोणाला त्याचा पत्ता नव्हता.

साडेआठला चहा आला. राजूनं हात पुसले, शर्टाच्या खिशातून घडी केलेला कागद काढला आणि ढिगाच्या कडेला ठेवला.

"सगळे आहेत, तेवढ्यात सह्या होऊन जाऊ दे."

"कसल्या सह्या?" छायानं विचारलं.

"संमतीपत्र आहे. आईचे शेअर विकायला माझी, आप्पांची आणि तुझी सही लागेल म्हणे. वकिलाला विचारून आलो. मोहिनी नॉमिनी म्हणून शेअर तिच्या नावावर आले असले तरी वारस आपण."

नॉमिनी हा शब्द आला तशी छाया कपाकडे बघत राहिली. श्रावणात ब्रोकरच्या ऑफिसात ते नाव वाचून दाखवलं होतं. मोहिनी राजाराम काकड, राजूची बायको. "बरं झालं," छाया तेव्हा म्हणाली होती, आणि घरी जाताना दोन स्टॉप आधीच उतरून चालत गेली होती.

"सगळे विकायचे?"

"सगळे. नव्या फूलमार्केटात गाळा मिळतोय. दहा बाय बारा, रस्त्याच्या तोंडावर. बोर्ड लावू, ‘सरुबाई फ्लॉवर्स’. येता-जाता लोक वाचतील. त्या शेअरवर कोण वाचतंय तिचं नाव?"  राजूनं चहाचा घोट घेतला. "आणि मी माझं काही सांगत नाही. तिचाच नियम सांगतो. गोदा बेअरिंगच्या गेल्या साली एकशे चाळीस होत्या. यंदा शहाण्णव. भावसुद्धा सहा महिन्यांत तिसऱ्या हिश्श्यानं पडलाय."

शेडमध्ये सगळ्यांचे हात थांबले. शहाण्णवचा अर्थ इथं साईलासुद्धा समजत होता.

"त्या पंपवाल्यांच्या माळा घटल्या तवा सरूनं असंच सोडलं व्हतं," अक्काबाई म्हणाल्या. "दुसऱ्या साली दाराला कुलूप. राजू चुकीचं बोलत नाय, छाया."

"जुगार हाय सगळा," आप्पा कोपऱ्यातून बोलले. राजू-छायाचे वडील, चिमाजी काकड, दोरे कापून देत बसले होते. त्यांचं ते काम चाळीस वर्षांचं. "जिंकली म्हून काय जुगार नाय व्हय?"

"तू गप रे चिमा. तुझ्या द्राक्षबागेनं गारपिटीत काय दिलं ते समद्या गावाला ठावं हाय. त्यापरीस तिचा जुगार बरा."

साई फिस्सकन हसली. आप्पांनी दोऱ्याचं बंडल उगाच या हातातून त्या हातात घेतलं.

"मी सही करणार नाही," छाया म्हणाली.

"का?"

"आईनं जमवलंय ते."

"मग मी काय उधळायला निघालोय? गाळाच घेतोय ना?"

"दादा, पहिले दहा शेअर घेतले तेव्हा मी तिच्या शेजारी होते. तुला नाही कळायचं."

"नाही कळायचं!" राजू उठलाच. "तू रविवारी दोन तास यायचीस. पहाटे तीनला तिच्याबरोबर मार्केटला मी जायचो. वीस वर्षं. मला नाही कळायचं!"

छायानं सुईत पुढचं फूल ओवलं.  तिला एवढंच ठाऊक होतं की त्या कंपन्यांच्या यादीतलं एक नाव जरी पुसलं गेलं तरी आई आणखी थोडी कमी होणार. पण हे काही सगळ्यांपुढं बोलण्यासारखं नव्हतं.

मोहिनीनं माळेला गाठ मारली, दातानं दोरा तोडला आणि माळ कॅरेटमध्ये सोडली.  "माळा कमी झाल्या हे फोनवर कळलं. का कमी झाल्या ते कोणी बघितलं? आई न बघता विकायच्या नाहीत." ती पदर खोचत उठली. "साडेबाराला सातपूरची गाडी मी नेते. ताई, येता?"

राजू बायकोकडे बघत राहिला. "तू कोणाच्या बाजूनं आहेस?"

"गाडी भरायच्या बाजूनं. उचला ते कॅरेट."

*

छोटा हत्ती टेम्पो मोहिनी चालवायची. देवळ्याच्या कांदेवाल्यांची लेक, माहेरी ट्रॅक्टर हाकलेली. सरुबाईंच्या गुडघ्यांनी दगा दिला त्या वर्षी राजूनं ड्रायव्हर ठेवू म्हटलं, तर सासू म्हणाली, "ड्रायव्हर गाडी बघेल. मला कारखाना बघणारी पाहिजे." छायाला हे आज, मखमलाबादच्या रस्त्यावर, पहिल्यांदाच कळत होतं. आईच्या रविवारांची तिला खडान्‌खडा माहिती होती. बाकीचे सहा दिवस तिच्या ओळखीचे नव्हते.

गोदा बेअरिंगच्या गेटवर वॉचमननं रजिस्टर पुढं केलं आणि गाडीतली फुलं बघून परत मागं घेतलं.

"सरुबाईंची माणसं का? जा, सरळ जा."

गाडी आत घेताना मोहिनीची नजर सायकल-मोटरसायकलींच्या स्टँडवर फिरली. "निम्मा रिकामा," ती पुटपुटली.

स्टोअरचे रावजीभाऊ दारात उभे होते. त्यांनी हात जोडले, सरुबाईंबद्दल दोन शब्द बोलले आणि कॅरेटला स्वतः हात लावला. "पंचवीस वर्षं मावशींनी एकदाही फुलं गेटवर टाकून पैसे घेतले नाहीत," ते छायाला सांगू लागले. "आत यायच्या. एकेका यंत्रापाशी माळ ठेवून पुढं जायच्या. बाकीचे फूलवाले गेटवरूनच पळतात. आम्ही म्हणायचो, काय श्रद्धा आहे बाईंची!"

"श्रद्धा होतीच," मोहिनी गंभीर चेहऱ्यानं म्हणाली, आणि छायाला पाच महिन्यांत पहिल्यांदा हसू आवरावं लागलं.

आतल्या शॉपमध्ये शिरल्यावर मात्र दोघी थबकल्या. डावीकडच्या दोन रांगा नव्हत्याच. यंत्रं उभी होती तिथं जमिनीवर तेलकट काळे चौकोन उरले होते, आणि चौकोनांच्या कोपऱ्यांत बोल्टची भोकं. मोहिनी सावकाश त्या चौकोनांमधून चालत गेली. ओठ हलत होते. मोजत होती.

"चव्वेचाळीस," ती म्हणाली.

"बरोब्बर," रावजीभाऊ म्हणाले. "गुजरातला गेली, तिकडं नवा प्लांट झालाय. लपवाछपवी काही नाही, शेअर बाजाराला कळवलंय कंपनीनं. उरलेली पुढच्या वर्षी जातील."

"आणि माणसं?"

"काही जातील, काही नाही जाणार. मी मार्चला रिटायर, माझं काय." त्यांनी एक माळ उचलली, नीट निरखली. "गाठ तीच आहे हो. मावशींचीच."

"त्यांनीच शिकवली," मोहिनी म्हणाली. ते बोलताना तिची मान जराशी वर झाली, ते छायानं पाहिलं.

परत निघाल्यावर छायानं फोन काढला. पत्रं सगळी तिच्याच ईमेलवर होती. वैशाखापासून तिनं ती उघडलीच नव्हती. दोनशे अकरा न वाचलेली पत्रं. दर रविवारी दुपार झाली की ती कपाट आवरायला घ्यायची किंवा उगाच दळण घेऊन बाहेर पडायची. गोदा बेअरिंगचं पत्र खाली, श्रावणातल्या तारखेला सापडलं. अकराव्या पानावर दोन परिच्छेद होते. तिनं ते मनात वाचले, मग घसा साफ करून मराठीत सांगितले. उत्पादन टप्प्याटप्प्यानं गुजरातला हलवणार. क्षमता दीडपट होणार. खर्च घटणार. ऑर्डरी भरपूर आहेत.

"थांबा. हे परत वाचा," मोहिनी म्हणाली.

छायाला पुढचं वाक्य धड दिसेना. तिनं खिडकीची काच खाली केली, वारा लागू दिला आणि मग परत वाचलं.

"चांगलंच आहे की मग, वहिनी. कंपनी बुडत नाही, वाढतेय. विकायची गरजच नाही."

"चांगलं आहे," मोहिनीनं सिग्नलला गाडी थांबवली. "पण तिथं आपण कसं बघणार? आईंचं एकच होतं. जिथं आपली फुलं जातात तिथं आपले पैसे. जिथं फुलं जात नाहीत तिथली कंपनी सोन्याची असली तरी आपली नाही. माळा घटल्या की निघायचं, ते यासाठी. त्यांना वाईट कंपनीची भीती नव्हती. न दिसणारीची होती."

सिग्नल सुटला. थोडं अंतर गेल्यावर मोहिनी म्हणाली, "माझं नाव निघालं तेव्हा तुम्हाला राग आला होता ना?"

"नाही गं."

"आला होता. मला आला असता." तिनं एका रिक्षावाल्याला हॉर्न मारून बाजूला केलं. "मी आईंना म्हटलं होतं, ताईंचं नाव घाला, त्यांनी सगळं वाचून दिलंय. तर म्हणाल्या, ‘छायाला दिलं तर ती माझं लुगडं जपावं तसं जपेल. हे जपायचं नाही, चालवायचंय.’ मी म्हटलं, ताईंना वाईट वाटेल. म्हणाल्या, ‘वाटू दे. मग रविवारी वाचायला आली की सांग तिला.’"

आणि छाया पाच महिने वाचायला आलीच नव्हती.

रामवाडीचा पूल आला. मग छायानं विचारलं, "बाजार किती वाजता बंद होतो?"

"साडेतीन. उद्या चालू आहे, पण दसऱ्याला सुट्टी. आईंना त्याचा फार राग यायचा. सोनं लुटायच्या दिवशीच दुकान बंद, म्हणायच्या."

*

शेडमध्ये पोचल्या तेव्हा अडीच वाजून गेले होते. अंबडच्या माळा भरून तयार होत्या. मोहिनीनं उभ्या उभ्या सगळं सांगितलं, रिकाम्या रांगा, चव्वेचाळीस चौकोन, गुजरात. छायानं पत्रातलं सांगितलं.

"म्हणजे मी सकाळी म्हणत होतो तेच झालं," राजू म्हणाला.

"गोदाचं तेच झालं," मोहिनी म्हणाली. "चौदा लाख आहेत ते. ते विकायचे. बाकीच्यांना हात लावायचा नाही. त्र्यंबक स्विचगिअरच्या साठाच्या एकशे दहा झाल्यात, तुम्हीच घेतलीत ना ऑर्डर? त्यातले निम्मे तिकडं टाकू. आधी त्यांचं पत्र ताई वाचतील, मग."

"उद्या गोदाचा भाव वर गेला तर?"

"जाऊ दे. सुखानं जाऊ दे."

"आणि गाळा?"

मोहिनीनं पदरानं तोंड पुसलं. "परवा पहाटे पाचला मी जाऊन आले तिकडं."

"कुठं?"

"नव्या मार्केटात. चाळीस गाळे आहेत. अकरांचं शटर वर होतं. त्यातल्या चारांत फुलं नव्हती, रद्दी होती. गिऱ्हाईक अजून जुन्याच बाजारात येतंय."

"मला न सांगता गेलीस?"

"तुम्ही मला न विचारता बयाणा द्यायला निघाला होता."

अक्काबाईंनी हातातली सुई खाली ठेवली. सकाळपासून त्या भाच्याकडं होत्या, हे सगळ्यांना माहीत होतं. त्यांनी मोहिनीला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. "अगं, ही तर सरूच!" त्या म्हणाल्या. "राजू, आता तुझं काय खरं नाय बाबा. एक व्हती तवा निभावलास."

सगळे हसले. राजू हसला नाही. तो कॅरेटच्या कडेवर बसला आणि दोन्ही हात गुडघ्यांवर टाकून म्हणाला, "मला नुसतं तिचं नाव कुठंतरी लागावं असं वाटत होतं. जन्मभर दुसऱ्याच्या दाराला तोरणं करत राहिली."

छाया त्याच्याजवळ जाऊन बसली. सकाळचं भांडण अजून दोघांच्या मध्ये होतं, पण ती बसली. "दादा, आज गेटवर वॉचमननं रजिस्टर पुढं केलं. मग फुलं बघितली आणि म्हणाला, सरुबाईंची माणसं का, जा. एवढा मोठा कारखाना. पास नाही, सही नाही. मला बाहेर कुठं असं कोणी सोडत नाही. साहेब लोकांनासुद्धा तिथं थांबवतात."

"खरंच तसं म्हणाला?"

"वहिनीला विचार."

राजूनं नाक ओढलं. मग त्यानं खिशातला कागद काढला, गुडघ्यावर पसरला, ‘सर्व शेअर’ हे शब्द खोडले आणि वर लिहिलं, ‘फक्त गोदा बेअरिंग’. खाली सही करून पेन छायाकडं दिलं. तिनंही केली, मग आप्पांनीही.

तीन वाजून दहा मिनिटांनी मोहिनीनं फोनमध्ये सगळं भरलं. शेअरची संख्या, भाव, आलेला ओटीपी. मग फोन छायापुढं धरला. "ताई, तुम्ही दाबा."

"तुझ्या नावावर आहेत. तूच दाब."

"पहिले दहा घेतले तेव्हा शेजारी तुम्ही होता."

पडद्यावर विक्रीची लाल पट्टी होती. छायाचा अंगठा तिच्यावर जाऊन थांबला. शेडमधलं कोणी घाई केली नाही. निशिगंधाचे ते पैसे आईनं ब्रोकरच्या टेबलावर ठेवले होते तेव्हा नोटांना वास येत होता. ब्रोकरच्या पोरीनं नोटा नाकाला लावल्या होत्या आणि आई म्हणाली होती, "घामाचा न्हाय बाई, फुलांचाच हाय." ते शेअर गेले तरी ती दुपार कुठं जाणार होती? आईला हे माहीत होतं. आपल्यालाच आज कळतं आहे. लुगडं नाही हे. चालवायचं आहे.

तिनं दाबलं.

फोन थरथरला, हिरवी खूण आली. "विकले," छाया म्हणाली. आवाज तिला वाटला होता त्यापेक्षा पुष्कळ सरळ निघाला. अक्काबाईंनी सुई उचलली. राजू अंबडची कॅरेट गाडीत चढवायला उठला, आणि जाता जाता बायकोच्या खांद्याला कोपर लावून पुढं झाला.

"साई," आप्पांनी हाक मारली. ते कधी उठून उभे राहिले ते कोणी बघितलं नव्हतं. "माझा सदरा काढ गं. पांढरा."

"कशाला, आजोबा?"

"अंबडला जायचंय. ह्यांच्यासंगं." त्यांनी गाडीकडे बोट केलं, मग कोणाकडेच न बघता बोलू लागले. "आधी सायकलवर, मग लुनावर. चाळीस वर्षं तिला सोडली मी समद्या गेटांवर. ती आत जायची, मी भाईर तंबाखू मळत बसायचो. एकदाबी नाय गेलो. ती म्हणायची, चला की हो, बघा तरी काय हाय. मी म्हणायचो, तुझा जुगार तू बघ." त्यांनी दोऱ्याचं बंडल खांद्यावरच्या टॉवेलात बांधलं. "आज जातो. कोणत्या यंत्रापाशी उभी ऱ्हायची ते दाव मला, मोहिनी."

मोहिनीनं गाडीचं दार उघडून धरलं. छायानं आप्पांच्या दंडाला हात दिला, पण त्यांनी तो बाजूला केला आणि एकटेच वर चढून, ताठ बसून, समोर बघत राहिले.

"चल, छाया," ते म्हणाले. "तूबी बस. वाचत वाचत जाऊ, त्या दुसऱ्या कंपनीचं पत्र."